मी डोळा मारला नाही

परवा सांगलीच्या पेठेत मी एका परक्या बाईला डोळा मारला, असं तिचं म्हणणं आहे. माझं म्हणणं घरातही कुणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहितो.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत. टाका नाही, दुखणं नाही. पण डावा अजून जुनाच. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवून धरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अर्थ घरी आल्यावर कळला. उजव्याला माझा सदरा पांढराशुभ्र, डाव्याला तोच चहात बुडवून वाळवलेला. साक्षीदार दोन आणि जबान्याही दोन.

डावाही उरकला असता, पण विमा कंपनीने उजव्याच्याच बिलाला कात्री लावलीय. भिंगाची किंमत म्हणे मर्यादेबाहेर. चौदा वर्षं हप्ते घेताना ही मर्यादा कुणी दाखवली नव्हती. छापली असेलच, तर त्या मुंगीएवढ्या अक्षरांत, जी मोतीबिंदूवाल्याला दिसत नाहीत. आता लांबचं लख्ख दिसतं, तर जवळचा नंबर महिन्याने काढणार आहेत. असो.

तर परवा पेठेत गेलो होतो हळद घ्यायला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तीच ओळखता येईना म्हणजे काय! दुकानदाराने राजापुरीची पूड कागदावर ओतली. उजव्या डोळ्याला इतकी झगझगीत, की रंग मिसळलाय अशी शंका यावी. डाव्याला मातकट. काळा चष्मा कपाळावर सरकवून मी एकदा हा मिटला, एकदा तो. चार-पाच वेळा. पलीकडे एक आजी मिरच्या निवडत होत्या.

“काय ओ, लाज वाटत न्हाई व्हय? घरात नातवंडं असतील!”

“मावशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. रंग बघतोय.”

“कुणाचा?”

दुकानदार खाली वाकून तराजू पुसू लागला.

“आन् डोळ्यात काय घालत्यात?”

“प्लॅस्टिकचं भिंग.” आणि मग, गरज नसताना, माझ्यातला मास्तर जागा झाला. महायुद्धात विमानाच्या पारदर्शक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्यांनी ते खपवून घेतले. त्यावरून हॅरोल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरने १९४९ साली लंडनमध्ये तसलंच पहिलं भिंग बसवलं, वगैरे.

“म्हंजे इमानाची काच घालून हळद घ्याय आलाय!” आजींनी पदर पुढे ओढला. “सांगा बघू, ह्या लुगड्याचा रंग कंचा?”

उजव्याला गडद निळा. डाव्याला काळपट. “निळं आहे.”

“डोंबल निळं! काळं हाय. सुनेनं ऐन दिवाळीत काळं लुगडं आणलं. तवापास्नं मी बोलत न्हाई तिच्यासंगं.”

मी जरा निरखून पाहिलं. आजींच्या दोन्ही बाहुल्यांवर पांढरट साय धरली होती.

“मावशी, तुम्हीपण एकदा डोळे दाखवून घ्या.”

“मला काय धाड भरलीया?” म्हणत त्या तरातरा बाहेर गेल्या आणि फुटपाथवरून ओरडल्या, “अगं ए! हितं डोळा मारणारं एक म्हातारं सांगतंय, लुगडं निळं हाय म्हणून!”

रस्त्यापलीकडे पिशव्या घेऊन उभी असलेली सून वळली. तिच्याबरोबर निम्मी पेठही.