मार्गदर्शन हवंय की निकाल?

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: "त्या ब्रदरना एकदा भेट, देव तुझ्याविषयी काय म्हणतो ते सांगतात." पुण्याची नोकरी घ्यावी का, आलेलं स्थळ कसं आहे, घर विकावं का, सगळं एका भेटीत विचारून मोकळं व्हायचं. पहिल्याच बैठकीत दहा मिनिटांत उत्तर देणाऱ्याला आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणायला मी तयार नाही.

मार्गदर्शक निकाल देत नाही. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, शास्त्राकडे वळवतो, देवाची इच्छा ओळखायची ती आपणच. म्हणून महिन्यातून एकदा, तासभर, त्याच माणसाकडे जायचं. पहिल्या दोन-तीन भेटी नुसत्या ओळखीत जातात, त्यात वावगं काही नाही.

इथल्या व्हाइट चर्चला जाणारे प्रोटेस्टंट पाळकसाहेबांकडे जातील, रेड चर्चचे कॅथलिक फादरकडे. पण कॅथलिकांतही मार्गदर्शक फादरच हवा असं नाही; तयारीची सिस्टर किंवा संसारी माणूसही चालतो. कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, वेगळं. तिथे धर्मगुरूच लागतो आणि तिथलं गुपित तो कुठल्याही कारणाने फोडू शकत नाही. मार्गदर्शनातलं बोलणं खासगी असलं तरी त्याला तेवढं कवच नाही, तेव्हा काय कुणाच्या कानावर जाईल हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि भाषा! बाहेर आपण हिंदीत कितीही सराईत असलो तरी रडू मराठीतच येतं. मराठी कळणारा माणूस मिळाला तर दोन किलोमीटर जास्त जायला हरकत नाही.

रिकाम्या हाताने मात्र जाऊ नका. कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची दिवसाच्या परीक्षणाची पद्धत आजही उपयोगी आहे, आणि ती प्रोटेस्टंटांनी वापरली तरी काही बिघडत नाही. रात्री पंधरा मिनिटं. आधी दिवसभरात जे मिळालं त्याबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग सकाळच्या पोह्यांपासून दिवस आठवत यायचं: मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं. चुकलं तिथे क्षमा, शेवटी उद्यासाठी एकच ठराव. घोटाळा होतो तो मधल्या टप्प्यावर. लोक पापांची यादी काढतात आणि स्वतःला झोडपून उठतात. "मुलावर ओरडलो" एवढंच वहीत लिहून भागत नाही. "ओरडल्यावर बरं वाटलं, अर्ध्या तासाने पोटात गोळा आला" असं लिहा. रोज दोन ओळी पुरेत. महिन्याची वही समोर ठेवली की मार्गदर्शकाला काम करायला काहीतरी मिळतं.

इग्नाशियस यांचाच आणखी एक नियम, जो व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही: मन कोरडं पडलेलं असताना, प्रार्थना नकोशी झालेली असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. चर्च सोडणं, साखरपुडा मोडणं, सेवेचा राजीनामा देणं, हे सगळं नेमकं अशाच आठवड्यात सुचतं. (घरात मारहाण होत असेल तर हा नियम बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा.)

आता उठून कधी निघायचं ते. मार्गदर्शनाला फी नसते. "विश्वासाचं बी" म्हणून अमुक रक्कम पेरा, घरच्यांना सांगू नका, गोळ्या बंद करा, यातलं एक जरी कानावर आलं तरी चपला घालायच्या. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, औषध फेकायला नाही. झोप उडालीय, जगणं नको वाटतंय, तर मनोविकारतज्ज्ञ त्याच दिवशी. पाळक सोबत असू देत. कुणी भविष्यवाणी सांगितली तर ती धुडकावूही नका, लगेच मानूही नका. पौल थेस्सलनीकाकरांना हेच सांगतो (पहिलं पत्र, ५:२०-२१): सगळं पारखा.

जन्माने ख्रिस्ती नसलेल्यांसाठी एक: विचारपूस करणं, प्रार्थनेला बसणं म्हणजे धर्मांतर नव्हे. बाप्तिस्म्याचं ठरलंच तर मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे. ती कोर्टातही गेली आहे, त्यामुळे आजची स्थिती वकिलाकडून समजून घ्या. "ते नंतर बघू" म्हणणाऱ्या पाळकाकडून बाप्तिस्मा घेऊ नका.