खुलासा : पाइपच्या गॅससाठी जेटला दाभण लावू नका

‘बेळगावात पाइपचा गॅस घेतला की जुन्या शेगडीच्या जेटचं (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तुकड्याचं) भोक दाभणाने जरा मोठं करायचं, झालं काम’ असा निरोप शहापूर-वडगावकडच्या ग्रुपवर फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

भोक मोठं लागतं, हे बरोबर. तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसमध्ये सुमारे अडीचपट उष्णता असते. शिवाय त्याचा दाब साधारण 30 मिलिबार, पाइपचा 21. त्यामुळे जुन्या जेटवर ज्योत मिणमिणते, भाकरी फुगायचं नाव घेत नाही.

पण जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याचं भोक मिलिमीटरच्या अंशात मोजून पाडलेलं. दाभणाने ते वाकडंतिकडं होतं. मग ज्योत पिवळी पडते, पातेल्यांची बुडं काळी होतात (घासणाऱ्याला विचारा!) आणि कोंदट स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो.

जेट बदलूनच घ्यायचं, तेही जोडणी देणाऱ्यांच्या मिस्त्रीकडून. हवेची पट्टी (बर्नरमध्ये शिरणारी हवा कमी-जास्त करते ती) त्याच वेळी जुळवायला सांगा. जुनी जेट टाकू नका. तीच शेगडी उद्या खानापूरला गावी नेऊन, जुनी जेट परत न बसवता सिलिंडरला जोडलीत, तर मोठ्या भोकातून ज्योत भसकन वर येईल.