परवान्यानं सीबी मेला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, हा सामान्य माणसांनी आपसांत बोलायचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ. त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की ब्रिटनमधला खरा सीबी १९८१च्या आधीचा, चोरून आणलेल्या, एएम पद्धतीनं आवाज पाठवणाऱ्या अमेरिकी सेटांचा. परवाना आला आणि त्यातली जान गेली. पोस्टात दहा पौंड भरून सरकारनं नेमून दिलेल्या चॅनेलवर बोलायचं, त्यात आठवणी काढण्यासारखं काय आहे? आणि रेडिओचं एवढंच वेड होतं, तर हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, का नाही झालात? जरा सविस्तर उत्तर देतो, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

तांत्रिक बाबतीत तुमचं बरंचसं मान्य. २ नोव्हेंबर १९८१ला सुरू झालेली सेवा मुद्दाम वेगळी ठेवली होती. २७.६ ते २७.९९ मेगाहर्ट्झमध्ये ४० चॅनेल, एएमऐवजी एफएम, ताकद ४ वॉट. जुने सेट त्यावर चालणार नव्हते. अँटेना दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि ती ७ मीटरच्या वर चढवली तर सेटवरचं बटण दाबून ताकद दहाव्या हिश्शावर आणायची. दीड मीटरचा नियम जाचकच होता. पण जुन्या एएममुळे रिमोटवरची मॉडेल विमानं भरकटायची, शेजाऱ्यांच्या टीव्हीत भलतेच आवाज घुसायचे, हेही तुम्हाला माहीत असणार.

माझा खरा मतभेद पुढे आहे. कायदा मोडण्यातली मजा तुम्हाला आठवते. आम्हाला ती परवडणारी नव्हती.

आम्ही कॉव्हेंट्रीत राहायचो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भर शहरात एका शीख विद्यार्थ्याला भोसकून मारलं. ३० ऑक्टोबरला नागरिकत्वाचा नवा कायदा मंजूर झाला आणि तीन दिवसांनी सीबी कायदेशीर झाला. दोन्ही विषय एकाच गृहखात्याचे. ज्या खात्याच्या हातात आपले कागद, त्याचाच नियम मोडून रेडिओ लावायचा, हे बाबांनी कधीच केलं नसतं. गोऱ्या पोराचा सेट जप्त व्हायचा, दंड व्हायचा, विषय संपायचा. आपलं प्रकरण तेवढ्यावर मिटेल, याची बाबांना खात्री नव्हती.

म्हणून तो दहा पौंडांचा कागद आमच्यासाठी मोकळीक होती. तो त्यांनी आईच्या नावावर काढला, कारण दिवसभर घरी तीच असायची. सेट स्वयंपाकघराच्या खिडकीत, मसाल्याच्या डब्याशेजारी. तिनं हँडल, म्हणजे रेडिओवरचं टोपणनाव, घेतलं ‘डेक्कन क्वीन’. सुरुवातीला ती बोलायचं वाक्य आधी पाकिटाच्या मागे लिहून काढायची, मग माइकचं बटण दाबायची. चौदा नंबरच्या चॅनेलवर हाक द्यायची, कुणी उत्तर दिलं की दोघींनी रिकाम्या चॅनेलवर सरकायचं. बटण सोडल्याशिवाय समोरचीचं ऐकूच येत नाही, त्यामुळे तिला कुणी मध्येच तोडू शकत नसे. दुकानात तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारं माणूस क्वचितच भेटायचं.

आणि मग तो हिवाळा. १० जानेवारी १९८२ला श्रॉपशरमध्ये न्यूपोर्टला पारा उणे २६.१वर गेला, इंग्लंडचा तो आजही नीचांक आहे. आमच्याकडेही रस्ते गोठलेले. एकोणीस नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले कुठला रस्ता बंद, कुठं गाड्या अडकल्यात ते सांगत होते. आई ते ऐकून पाकिटांवर टिपायची आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कळवायची. त्यांतल्या काहींनी त्याआधी आमच्याशी नमस्कार-चमत्कारही केला नव्हता.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. आयबॉल, म्हणजे प्रत्यक्ष भेट, झाल्यावर रोज गप्पा मारणारा एक गृहस्थ पुन्हा कधी चॅनेलवर आला नाही. आईला ते फार लागलं. पण बाकीच्या बायका आल्या, घरी येऊन पोहे खाऊन गेल्या, त्यांतल्या दोघींशी तिची मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढे गाणी लावून चॅनेल अडवणारे, शिव्या देणारे वाढले आणि माणसं पांगली, हे तुमचं बरोबर आहे. पण त्याचा दोष परवान्यावर कसा टाकता? चॅनेल अडवणाऱ्यांनी परवान्याची अट कधी मानली होती?

हॅमचं म्हणाल, तर त्यासाठी लेखी परीक्षा होती, आणि लांब पल्ल्याच्या लहरींवर बोलायचं तर मिनिटाला बारा शब्दांच्या वेगानं मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, यायला हवी. हॅममंडळींबद्दल मला आदर आहे. आईला मात्र जपानशी बोलायचं नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावर कोण राहतं, ते जाणून घ्यायचं होतं.

ब्रिटनमध्ये २००६पासून सीबीला परवाना लागत नाही. तुमच्या लाडक्या एएमलाही २०१४मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या त्या चोरट्या दिवसांबद्दल तुम्ही सविस्तर लिहा, मी आवडीनं वाचेन. फक्त आमच्या दिवसांना नकली म्हणू नका.