धरण पायथ्याला, गाव वर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पाणीटंचाईवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी रागावून प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तिथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी टँकर लागतो म्हणजे दोष गावकऱ्यांचा, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, झाडं छाटून त्यांनीच डोंगर बोडके केले, मुरबाडचं काळू धरण झालं की प्रश्न मिटेल, आणि आम्ही ठाणेकर पाणीपट्टी भरतो, तेव्हा आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

पावसापासून सुरुवात करते. एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पडतो तो काळ्या कातळावर. बेसाल्टच्या पोटात पाणी धरायला जागा फार नसते. वरचा मुरमाचा थर आणि खालच्या भेगा, एवढीच काय ती कोठी, आणि उतारावर तो थरही पातळ. बाकीचं पाणी ओढ्यातून भातसा, तानसा, वैतरणेत निघून जातं. म्हणून दिवाळीत भरलेली दिसणारी विहीर होळीच्या सुमारास तळ दाखवते आणि बायका ओढ्याच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. यात आळस कुठे दिसला तुम्हाला?

‘धरण उशाला, कोरड घशाला’ असं आपण सगळेच म्हणतो, पण शहापुरात धरण उशाला नाही, पायथ्याला आहे. पाडे वर, टेकाडांवर आणि सोंडांवर. १८९२ मध्ये तानसा धरण झालं तेव्हापासून तिथलं पाणी उताराने मुंबईकडे येतं. भातसाचं पाणी नदीत सोडतात, पिसेच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. मुंबईच्या सात तलावांचा एकूण साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातला निम्म्याच्या जवळपास एकट्या भातसात. ठाण्याच्या पाण्याचा एक भागही पिसेहूनच येतो. म्हणजे बराचसा उतार शहराच्या बाजूचा, आणि जिथे पंप लागतो तिथे त्याचं बिल भरायला मोठी महापालिका. पाड्याला मात्र तेच पाणी वर चढवायचं, तेही ग्रामपंचायतीच्या पैशांत. अशा किती नळयोजना पाणी असूनही वीजबिलापायी बंद पडतात! इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायच्या योजनेत मला अर्थ वाटतो तो एवढ्याचसाठी. ते धरण घाटमाथ्यावर आहे, तिथून पाणी खाली येतं.

आता राब. तुमचा हा आरोप नवा नाही. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबावर आणलेल्या निर्बंधांवरून एवढा असंतोष झाला, की इंग्रज सरकारला १८८५ मध्ये त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. राब म्हणजे भाताचं आवण (रोपं) टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, कवळं (छाटलेल्या डहाळ्यांच्या मोळ्या) भाजणं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. त्यासाठी ऐनासारख्या झाडाच्या फांद्या उतरवतात, खोड ठेवतात. ते पुन्हा फुटतं. झाडं विरळ झाली तिथे राबाचा भार पडतो, हे मान्य. पण आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत महामार्गाने जा. डोंगराच्या कापलेल्या कुशी, मुरूम वाहणारे डंपर, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ विकायला काढलेले बंगल्यांचे प्लॉट. ही झाडं कुठल्या राबाला गेली? प्लॉटची गिऱ्हाइकं कुठली असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्याच सोसायटीत चार-पाच निघतील.

पाणीपट्टी मीही भरते. तिच्यात शुद्धीकरण, जलवाहिन्या, पंप यांचा खर्च येतो. ज्या उतारावरून पाणी आलं, तो राखण्याचा खर्च त्या बिलात मला कधी दिसला नाही.

राहिलं काळू. मुरबाडमधल्या त्या धरणाचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं, कारण वनखात्याची मंजुरी न घेताच ते सुरू झालं होतं. धरणात जंगल आणि आदिवासींच्या जमिनी जायच्या, आणि साठलेलं पाणी पुन्हा पायथ्यालाच. कल्याण-ठाण्याच्या टॉवरांचा प्रश्न त्याने सुटेल, टेकाडावरच्या पाड्याचा कसा सुटणार? तिथे हिवाळ्याच्या तोंडाला ओढ्यांवर माती भरलेल्या गोण्यांनी घातलेले वनराई बंधारे, जिवंत झऱ्यांभोवती राखलेली झाडी, गाळ काढलेली विहीर, हे जास्त उपयोगाचं. यातून टँकर लगेच बंद होणार नाही, पण महिना-दीड महिना उशिरा आला तरी तिथे तो फरक मोठा असतो.

शहराने पाणी पिऊ नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. काळूचा आग्रहच असेल, तर आधी वन मंजुरी आणि ग्रामसभांचा ठराव घ्या, आणि करारात दोन कलमं घाला: वरच्या पाड्यांसाठी राखीव पाणी, आणि ते वर चढवायच्या पंपाचं वीजबिल पाणी नेणाऱ्या महापालिकेकडे. ठाणेकरांच्या पट्टीत त्याचे चार पैसे वाढले तर माझी हरकत नाही. तुमची आहे का, तेवढं कळवा.