एकच लाइन होती, तीही तुम्ही अडवून बसलात

"बीबीएसचे दिवस काय भारी होते राव!" असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भारी कोणासाठी? तुमच्यासाठी असतील. तुम्ही रात्री जेवून मोडेम चालू करायचात, माझ्या मशीनवरून हवं ते उतरवून घ्यायचात आणि झोपायला जायचात. मशीन माझं, वीज माझी, फोन माझ्या वडिलांच्या नावावरचा, आणि शिव्या खायला घरात मी.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगतो. बीबीएस, म्हणजे बुलेटिन बोर्ड, म्हणजे घरातला एक पीसी, एक टेलिफोन आणि त्या दोघांना जोडणारं यंत्र, मोडेम. तुम्ही तुमच्या मोडेमवरून माझा नंबर फिरवायचा, माझा मोडेम फोन उचलायचा, दोन्हीकडून त्या कर्कश शिट्ट्या व्हायच्या, आणि मग तुमच्या स्क्रीनवर माझा मेनू उमटायचा. निरोप ठेवा, दुसऱ्यांचे वाचा, फाइल घ्या, फाइल द्या. भारतात सर्वसामान्य माणसाच्या घरात इंटरनेट आलं नव्हतं तेव्हा मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली अशा शहरांत काही वेड्यांनी स्वतःच्या खिशातून हे चालवलं. मी मुलुंडमधून चालवत होतो. फोन घरचाच, त्यामुळे बोर्ड रात्री १० ते सकाळी ६.

आता एक गोष्ट नीट डोक्यात घ्या. लाइन एक, म्हणजे आत माणूस एक. तो बाहेर पडेपर्यंत बाकी सगळ्या मुंबईला एंगेज टोन.

आणि वेग? माझा मोडेम २४०० बीपीएसचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं. १०० केबीची फाइल उतरायला सात मिनिटं, एक एमबीला सव्वा तास. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' या गेमचा शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायचा, भाग आला, तो दोन एमबीच्या वर. अडीच तास! आठ तासांच्या रात्रीतले अडीच तास एकटा माणूस खाणार, आणि बाकीचे अंधारात बसून रिडायल, रिडायल, रिडायल. म्हणून मी प्रत्येकाला वेळ ठरवून दिला होता. त्यावर तुम्ही काय केलंत? दोन-दोन, तीन-तीन नावांनी खाती काढलीत. वेळ संपला की फोन ठेवायचा, लगेच पुन्हा लावायचा, दुसऱ्या नावाने आत. मला काय लॉग दिसत नव्हता? तीच टायपिंगची चूक, तोच पासवर्ड, तीच फाइल अर्धी राहिलेली. झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीमुळे तुटलेली फाइल होती तिथून पुढे सुरू करता यायची. लाइन कटली तर माणसाची मेहनत वाया जाऊ नये म्हणून ती सोय, आणि तुम्ही तिचा वापर दुसऱ्याची पाळी मारायला केलात.

मग मी रेशो लावला. जितकं घ्याल त्याच्या प्रमाणात काहीतरी द्या. जगभरच्या बोर्डांवर हाच नियम होता, मी काही नवा जुलूम आणला नव्हता. द्यायला फाइल नसेल तर चार ओळी लिहा, कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्या, तेही मी धरायचो. तरी नाही. एका महाशयांनी भलीमोठी झिप चढवली, नाव असं की कोणीही हपापून घ्यावी. मी सकाळी कामावर जायच्या आधी प्रत्येक अपलोड उघडून बघायचो, मॅकॅफीच्या व्हायरस-स्कॅनमधून काढायचो. झिप उघडली तर आत त्यांच्याच हार्डडिस्कवरची 'कमांड डॉट कॉम', म्हणजे डॉसची प्रत्येक पीसीवर असतेच ती फाइल, पाच वेगवेगळ्या नावांनी कॉपी केलेली. रेशो भरून काढायला! ती चढवताना लाइन अडवली ती वेगळीच, आणि त्या क्रेडिटवर पहाटेपर्यंत डाउनलोड करून मोकळे. दुसऱ्या एकाने दिलेल्या युटिलिटीत व्हायरस निघाला. तो काळच तसा होता, 'जोशी' व्हायरस १९९० पासून फ्लॉप्यांवरून घरोघर फिरत होता, ५ जानेवारीला 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. मग तुम्ही काय दुसऱ्याच्या बोर्डवर न तपासता फाइल टाकणार? ती माझ्या नजरेतून सुटली असती तर डझनभर घरांतली मशीनं बसली असती आणि नाव माझं खराब झालं असतं.

पण या सगळ्याहून जास्त संताप मला आजही येतो तो दिवसाच्या फोनांचा. पहिल्याच स्क्रीनवर ठळक चौकटीत लिहिलं होतं: रात्री १० ते सकाळी ६, इतर वेळी हा घरचा फोन आहे, मोडेम लावू नका. याहून स्पष्ट कसं लिहायचं? तरी दुपारी तीनला, संध्याकाळी सातला रिंग. आई फोन उचलायची, "हॅलो, हॅलो" करायची. पलीकडे माणूसच नाही, मधूनच एक बारीकसा पीं असा आवाज, आणि फोन बंद. पाच मिनिटांनी पुन्हा. नव्वद सालानंतरच्या मध्यमवर्गीय घरात ब्लँक कॉल म्हणजे काय होतं, ते ज्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी होती त्यांना विचारा. माझी बहीण तेव्हा एसवायला होती. वडिलांनी तिला समोर बसवून विचारलं, "कोण आहे तो?" तिला काही माहीतच नव्हतं, ती रडायला लागली. मी सांगतोय, बाबा, हे मोडेम आहेत, माणसं नाहीत. त्यांना ते पटेना, आणि का पटावं? माणसांना कळेल अशा भाषेत नियम लिहिल्यावर कोणी मशीन कशाला लावेल, असंच कोणीही म्हणेल. तिच्या मैत्रिणींचे फोन कितीतरी दिवस बंद झाले. रोज संध्याकाळी घरात तेच. ज्यांनी हे केलं त्यांतला एक मला नंतर भेटला, तर म्हणतो कसा, "अरे, लागला तर लागला म्हणून ट्राय मारला." ट्राय मारला! माझ्या बहिणीची झोप उडवलीस तू.

सगळेच असे होते असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. एक रेल्वेत नोकरी करणारे गृहस्थ होते, वयाने माझ्या दुप्पट. ते ऑफलाइन रीडर वापरायचे. फोन लावायचा, सगळे नवे निरोप एका क्यूडब्ल्यूके पाकिटात घ्यायचे, पाच मिनिटांच्या आत फोन ठेवायचा. मग घरी शांतपणे वाचून, उत्तरं लिहून, दुसऱ्या रात्री एकदम चढवायची. पाच मिनिटांत त्यांनी बोर्डला जे दिलं ते तुमच्या अडीच तासांनी कधी दिलं नाही. कोणाचा प्रिंटर चालत नसेल, कोणाला मेमरीचा घोळ होत असेल, कॉन्फिग डॉट सिस या डॉसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कुठली ओळ आधी आणि कुठली नंतर हे ते ओळीओळीने समजावून लिहायचे. प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा आभारसुद्धा मानायचा नाही. उत्तर उतरवून घेतलं की पसार. नंतर नंतर त्यांनी लिहिणं कमी केलं आणि मग ते यायचेच बंद झाले. त्यांना घालवलं ते तुम्ही.

पावसाळ्याचं वेगळंच. कुठे तरी केबलच्या जोडात पाणी शिरायचं आणि स्क्रीनवर कंस, तिरक्या रेघा, डॉलरची चिन्हं यांचा सडा पडायचा. तक्रार केली की टेलिफोनवाले फोन कानाला लावून बघायचे, "डायलटोन आहे ना?" म्हणायचे आणि निघून जायचे. तो त्रास होताच. पण लाइन खराब असली की तुम्ही माझ्या नावाने निरोप ठेवायचात: "तुझा बोर्ड भिकार आहे, फाइल मध्येच तुटते." पैसे भरले होते तुम्ही?

पैशांवरून आठवलं. माझा बोर्ड फिडोनेट या बोर्डांच्या जाळ्यातलं एक ठाणं, म्हणजे नोड होता. फिडोनेट १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलं. साधी, हुशार कल्पना: रात्री बोर्डांनीच एकमेकांना फोन लावायचा, निरोपांची गठडी देवाणघेवाण करायची, आणि असं गावोगाव, देशोदेशी पत्र पोचवायचं. त्यासाठी मला एसटीडी, म्हणजे परगावी फोन, करावा लागायचा. रात्री ११ नंतर पाव दर म्हणून तेव्हाच. बिल यायचं ते वडिलांच्या नावावर आणि भरायचो मी. म्हणून एकदा, फक्त एकदा, लिहिलं की ज्यांना बाहेरची पत्रं हवीत त्यांनी वर्षाचे शंभर रुपये द्यावेत. काय गहजब झाला! "तू हौस म्हणून चालवतोस ना?" हो, हौस होती. हौस माझी म्हणून खर्चही माझा, आणि माल तेवढा तुमचा? कुठला हा न्याय? आणि यातलेच काही, १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केल्यावर, अडीचशे तासांचे पंधरा हजार रुपये भरून कनेक्शन घ्यायला धावले. शंभर जड झाले होते ना?

त्याच्याही आधी, १९९४ च्या सुमारास, दूरसंचार खात्याने बीबीएस चालवणाऱ्यांवर वर्षाला लाखो रुपयांची लायसन्स फी लावायचा घाट घातला. आधार १८८५ चा तार कायदा. घरातून हौसेने चालवलेल्या एका फोनच्या बोर्डला आणि धंदा करणाऱ्या कंपनीला जवळपास एकाच तागडीत तोललं. दिल्लीत संगणकतज्ज्ञ अरुण मेहता आणि इतरांनी याविरुद्ध आवाज उठवला, परदेशातूनही पाठिंब्याची पत्रं आली. मी बोर्डवर पहिल्याच स्क्रीनला लावलं: एक पत्र लिहा, मजकूर तयार आहे, सही करून पोस्टात टाका. पोस्टाचं तिकीट, बस्स. कोणी काही केलं नाही असं नाही, त्या रेल्वेवाल्यांनी केलं, एका डॉक्टर बाईंनी केलं, दोन-चार पोरांनी केलं. बाकी सगळे ती स्क्रीन एंटर मारून पुढे ढकलायचे आणि थेट फाइल एरियात. लॉगमध्ये दिसतं हो ते! कितव्या सेकंदाला एंटर दाबलं तेही दिसतं. तुमच्याच वापरातली गोष्ट बंद पडायची वेळ आली आणि तुम्हाला दोन ओळी वाचवल्या नाहीत.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन गेले. त्यांनी आणि रँडी सुएस यांनी १९७८ साली शिकागोत, बर्फाच्या वादळात घरी अडकून पडल्यावर, जगातला पहिला बीबीएस उभा केला. त्याआधी, १९७७ मध्ये, क्रिस्टेन्सन यांनी मोडेमवरून फाइल पाठवायची एक्समोडेम ही पद्धत लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकली होती. आपण सगळ्यांनी ज्या रीतीने फाइली घेतल्या त्या रीतीची सुरुवात त्या माणसाने एक पैसा न घेता करून दिली. सुएस तर २०१९ मध्येच गेले होते. क्रिस्टेन्सन गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या बोर्डला फोन लावणाऱ्या जुन्या मंडळींनी एकमेकांना भरभरून मेसेज पाठवले. काय दिवस, काय माणसं, काय देण्याची वृत्ती. अरे, देण्याची वृत्ती त्यांची होती! तुमची कधी होती? तुमच्या नावापुढचे आकडे मला अजून पाठ आहेत: डाउनलोड ढीगभर, अपलोड शून्य, निरोप शून्य. जो माणूस महिनोन्महिने माझ्या घरी रोज रात्री येऊन कपाट रिकामं करत होता आणि एकदाही "काय रे, कसा आहेस" म्हणाला नाही, त्याने आता त्या घराच्या आठवणीने गळा काढू नये.

मी बोर्ड बंद केला तेव्हा शेवटचा आठवडा निरोप लावून ठेवला होता. बंद करतोय, कोणाला आपले निरोप हवे असतील तर घेऊन ठेवा. त्या आठवड्यात लाइन कधी नव्हती एवढी गच्च भरली. निरोपांसाठी नव्हे. बंद व्हायच्या आत राहिलेल्या फाइली ओरबाडून घ्यायला.

आणि आता परवा एकाचा फोन. इतक्या वर्षांनी नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणतो, "तुझ्याकडे जुना बॅकअप असेल ना? सगळे मेसेज, फाइल्स? मी जुन्या बोर्डांचा संग्रह करतोय, सगळं झिप करून पाठव ना." नाव ऐकलं आणि ओळखलं. हा तोच, पाच नावांच्या कमांड डॉट कॉमवाला. बॅकअप आहे, फ्लॉप्यांवरून सीडीवर आणि सीडीवरून डिस्कवर मी स्वतः उतरवून ठेवलाय. त्यात त्या रेल्वेवाल्यांचं प्रत्येक उत्तर आहे. त्यांच्या मुलाचा पत्ता शोधून मी ते सगळं त्याच्याकडे पाठवलं. या माणसाला एक बाइट मिळणार नाही. मी फोनवरच सांगितलं, आधी तुझा रेशो भर.