‘धारातीर्थी’ शब्द काढला, पण शार्प राहणार

नमस्कार काका (माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय). पहिल्या महायुद्धात विमान शिकताना गेलेल्या कॅनडाच्या लेफ्टनंट विल्यम शार्पवरच्या माझ्या पोस्टवर तुम्ही चांगलंच झापलंत. ‘शत्रूचं तोंडही न बघता शिकता शिकता पडलेल्या पोराला धारातीर्थी पडला म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे, ते तीन माणसांचं एक विमानाचं दल म्हणजे निव्वळ तमाशा होता, आणि आपले लोक सोडून हे परके कशाला’, थोडक्यात असं.

पहिला मुद्दा मान्य. धार म्हणजे तलवारीची धार, आणि शार्प गेला ४ फेब्रुवारी १९१५ ला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅमला, पहिल्याच सोलोला, म्हणजे मास्तरशिवाय एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाला. शब्द चुकला, लिहिण्याच्या भरात गेला.

तमाशाचंही अर्धं खरंय. १९१४ च्या सप्टेंबरात कॅनेडियन एव्हिएशन कोअर, म्हणजे तुम्ही म्हणता ते दल, उभं राहिलं ते जॅनी, शार्प आणि फार या तिघांचं, विमान एकच, बर्जेस-डन, पाण्यावर उतरणारं, शेपटीच नसलेलं, पाच हजार डॉलरला अमेरिकेतून आणलेलं. ते बोटीवर चढवून इंग्लंडला नेताना मोडलं आणि तिथल्या सॉल्झबरी प्लेन या मैदानी भागाच्या चिखलात कुजून गेलं, युद्धात एकदाही उडालं नाही. हसू येतंच. पण काका, विमान कुजलं हा सरकारचा गोंधळ, त्यात शार्पचा काय दोष? तो गप्प घरी नाही गेला, रॉयल फ्लाइंग कोअरकडे, म्हणजे ब्रिटिशांच्या तेव्हाच्या विमानदलाकडे, नीट शिकायला गेला.

आणि ‘शिकता शिकता’ हे तुम्ही ज्या सुरात लिहिलंय ना, तिथे माझं तुमच्याशी पटत नाही. सोलो म्हणजे काय ते बघा. कालपर्यंत मास्तर सोबत असतो, आज ती सीट रिकामी, तेवढं वजन कमी म्हणून विमानही हाताला वेगळं लागतं, पॅराशूट नाही, आणि वेग पडून मशीन गिरक्या घेत खाली निघालं तर त्यातून बाहेर कसं यायचं हे तेव्हा कुणी शिकवतही नव्हतं. इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने विमान शिकवण्याची पद्धत मुळापासून बदलली ती १९१७ मध्ये. तोवर पोरांनी आपल्या जिवावर शिकायचं. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा, सगळं शिस्तीत चालू असताना, कॅनडातल्या विमानदलाच्या ट्रेनिंग प्लॅनमधून १,३१,५५३ जण तयार झाले आणि ८५६ जण ट्रेनिंगमध्येच गेले. ओटावाला संसदेच्या आवारात कॅनडाच्या मृत सैनिकांच्या नावांचे जे स्मरणग्रंथ आहेत त्यात लढाईत गेलेले आणि सरावात गेलेले असे वेगळे रकाने नाहीत. गेलेल्याच्या आईला मिळायचं ते मेमोरियल क्रॉस हे पदकही दोघांसाठी एकच.

परक्यांचं म्हणाल तर आपला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय घ्या, त्याच रॉयल फ्लाइंग कोअरचा. १९१७ च्या डिसेंबरात त्याचंही विमान कोसळलं, जबर जखमी झाला. वाचला, परत आला, १९१८ च्या जुलैमध्ये तेरा दिवसांत शत्रूची दहा विमानं त्याच्या खात्यावर लागली, आणि २२ जुलैला गेला, वय १९. आज आपण अभिमानाने त्याचं नाव घेतो. पण त्या डिसेंबरातच संपला असता तर तुमच्या हिशोबाने तोही बाद? पोरगा तोच, हिंमत तीच, फक्त सात महिने कमी.

शार्पला त्याच्या गावी, ऑन्टारिओतल्या प्रेस्कॉटला पुरलंय. मागच्या ऑक्टोबरात मॉन्ट्रियलला जाताना ४०१ हायवे सोडून मुद्दाम आत वळलो. छोटं गाव, सेंट लॉरेन्सचं रुंद पात्र, पलीकडच्या काठावर अमेरिका. बायको गाडीत कॉफी पीत बसली होती, म्हणाली कुणाला शोधतोयस, सांगितलं तर म्हणाली, एवढ्या लांबून आणला होय त्याला परत. ते मला पोस्टमध्ये लिहायचं होतं आणि मी ‘धारातीर्थी’ लिहून बसलो.

असो, बदल केलाय. आता तिथे ‘पहिल्या सोलोला गेला’ एवढंच आहे. रॉयवर वेगळं लिहितो, तेव्हा परत झापायला या.