कळलावी विषारीच आहे : 'लोकांना घाबरवू नका' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

दादा, कळलावी या रानवेलीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमची आजी कोल्हापूरकडच्या भुदरगडात बाळंतपणं करायची, अडलेल्या बाईच्या ओटीपोटावर कळलावीच्या कंदाचा लेप द्यायची. मामा आजही सांधेदुखीवर कंदाचं चिमूटभर चूर्ण घेतात आणि त्यांना काही झालेलं नाही. असं असताना मी तिला विषारी म्हणून लोकांना घाबरवलं आणि आयुर्वेदाची बदनामी केली.

आजींबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तळहात, तळपाय, बेंबीखाली लेप देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पण त्या रीतीतली बंधनं बघा. कंद बाहेरून लावायचा, पोटात द्यायचा नाही, आणि मूल झाल्याबरोबर लेप धुऊन काढायचा. हातात काय आहे हे त्या जाणत्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आयुर्वेदही वेगळं सांगत नाही. तिथं ही लांगली, आणि तिची गणना उपविषांत, म्हणजे सौम्य विषांत, होते. भावप्रकाशात ती गर्भ पाडणारी म्हटली आहे. औषधात घालण्याआधी कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन करायला सांगितलंय, आणि त्यानंही विष कमी होतं, संपत नाही. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे, तिच्यातही लांगली आहे. तेव्हा 'विषारी' हा शिक्का मी मारलेला नाही. आजींच्या परंपरेतली सावधगिरीच मी लेखात मांडली.

आता हे विष करतं काय ते नीट सांगतो, कारण लेखात ते दोन ओळींत उरकलं होतं. कळलावीच्या सगळ्याच भागांत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त. ते पेशींचं विभाजन रोखतं. म्हणून ज्या पेशी सतत नव्या तयार होतात त्यांना पहिला फटका बसतो : आतड्याचं अस्तर, हाडातला मगज, केसांची मुळं. कंद पोटात गेला तर काही तास काहीच जाणवत नाही. मग घशात जळजळ, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं, आणि लिंबू-साखरेचं पाणी देतात. एक-दोन दिवसांत जुलाब कमी होतात, माणूस सुधारतोय असं वाटतं, आणि नेमकं त्याच वेळी मूत्रपिंड, यकृत, हृदय बिघडायला लागतं, पांढऱ्या पेशी घसरतात. जो वाचतो त्याचे पुढच्या काही आठवड्यांत झुपक्यांनी केस गळतात. १९६६ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात श्रीलंकेतल्या अशाच रुग्णाची नोंद छापून आली होती, डोक्यासकट अंगावरचे केस गेल्याची. यावर हमखास उतारा असं औषध आपल्या दवाखान्यांत मिळत नाही. सलाईन आणि देखरेख एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं, म्हणून तिथं लवकर पोचणं महत्त्वाचं. उकडल्यानं विष जातं हा समजही सोडा.

तुम्ही विचारलंत, हेच कोल्चिसिन डॉक्टर गाउटला, म्हणजे यूरिक ॲसिडच्या सांधेदुखीला, देतात ना? देतात, आणि चांगलं लागू पडतं. पण ती गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, मोजलेली. गुण येणारी मात्रा आणि जिवावर बेतणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. कंदात किती कोल्चिसिन आहे हे जमीन, हंगाम, कंदाचं वय यावर बदलतं. मसाईच्या पठाराकडचा कंद आणि राधानगरीकडचा कंद सारखा असेलच असं नाही. मामांची चिमूट तीच असली तरी आतलं विष दर वेळी तेवढंच असेल, याची खात्री कोण देणार?

फूल म्हणाल तर माझं या वेलीवर मनापासून प्रेम आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास बांधावर ती दिसली की मी गाडी थांबवतोच. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल, कडांना चुण्या, सगळ्या उलट्या मागे वळलेल्या. पानाचं टोक दोऱ्यासारखं गुंडाळून शेजारच्या काटकीला धरून ठेवतं. बांधावरची वेल उपटून टाका असं मी कुठंही म्हटलेलं नाही. फक्त शेंग उकलली की आतल्या तांबड्या बिया पोरांना फार आवडतात, तिथं लक्ष ठेवा. बोटासारखे, दोन फाट्यांचे कंद खणताना सापडले तर रताळं समजून घरी नेऊ नका. आणि औषधासाठी रानातले कंद खणणं बंदच करा, कारण कंद गेला की वेल गेली. औषध कंपन्यांसाठी तमिळनाडूत तिची शेतीच होते.

राहता राहिले मामा. त्यांना चूर्ण आजच बंद करायला सांगा. सांधेदुखी यूरिक ॲसिडची आहे का, हे रक्त तपासल्यावर कळेल. डॉक्टरांकडे जाताना चुर्णाची पुडी सोबत न्या आणि किती दिवस घेतलं ते लपवू नका. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सुरू असेल तर कोल्चिसिन अंगात साठत जातं, मग नेहमीची चिमूटही भारी पडू शकते. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी वाट न बघता जवळचं मोठं रुग्णालय गाठा, कोल्हापुरात असाल तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय. तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा : कळलावी पोटात गेली आहे.